जागांची यादी कोणी देणार नाही, जागा शोधायची कशी ते सांगतो

तुम्ही लिहिलंय की लेस्टरला येऊन सहा महिने झाले, जमिनीतली नाणी शोधायला मेटल डिटेक्टर घेतला, पहिल्याच रविवारी पार्कात गेलात तर दहा मिनिटांत तिथल्या माणसाने बाहेर काढलं, आणि आता "चांगल्या जागांची लिस्ट द्या" म्हणताय. लिस्ट कोणीच देणार नाही. मीही नाही. या छंदात माणूस एक वेळ मशीन उसनं देईल पण शेत दाखवणार नाही :)

पार्काचा नाद आधी सोडा. बहुतेक काउन्सिलच्या पार्कांत बंदी असते, नॅशनल ट्रस्टच्या (वारसा जपणारी संस्था) जमिनीवर तर विचारूच नका. इंग्लंडमधे प्रत्येक जमिनीला मालक आहे आणि त्याच्या परवानगीशिवाय मशीन चालू करायचं नाही, शेतातून जाणाऱ्या पब्लिक फूटपाथवरसुद्धा नाही, तो हक्क फक्त चालायचा. शिवाय सरकारने संरक्षित केलेली स्मारकं, म्हणजे शेड्यूल्ड मॉन्युमेंट, तिथे मालक हो म्हणाला तरी हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी संस्थेची लेखी परवानगी नसताना मशीन वापरणं हा १९७९च्या कायद्याने गुन्हा आहे. तुमच्या जवळच इंगर्सबी म्हणून ओसाड पडलेलं जुनं गाव आहे, गवताखाली घरांचे चौथरे आणि रस्ते उंचसखल दिसतात, बघायला नक्की जा पण मशीन घरी ठेवून. मॅजिक नावाच्या सरकारी नकाशावर हे सगळे भाग फुकट दिसतात, कुठलंही शेत मनात भरलं की पहिलं ते तपासायचं.

आता खरी गोष्ट. नाणं पडतं कुठे? जिथे माणूस थांबतो, वाकतो, पैसे मोजतो किंवा दारू पितो तिथे. म्हणजे नदी ओलांडायचा उतार, जुनी पाणंद, जत्रेचं मैदान, चर्चकडे जाणारी पायवाट, कुंपणाच्या दारापाशी जिथे मजूर जेवायला बसायचे ते मोठं झाड. हे सगळं नकाशात सापडतं. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर इंग्लंडचेही एकोणिसाव्या शतकातले ओएस (ऑर्डनन्स सर्व्हे, म्हणजे सरकारी मोजणीचे) नकाशे आहेत, शेजारी आजचा सॅटेलाइट फोटो ठेवून बघता येतात. आज नुसतं सपाट शेत दिसतं तिथे तेव्हा दोन घरं, विहीर आणि वाट असते. मी हिवाळ्यात रात्री जेवण झालं की हेच करत बसतो, बायको म्हणते एवढं मन लावून एमएससी केली असतीस तर...

त्याहून जुनं हवं असेल तर टायथ मॅप, टायथ म्हणजे चर्चला द्यायचा दशांश. १८३६च्या कायद्यानंतर बऱ्याच गावांचे काढले, त्यात प्रत्येक शेताला नंबर आणि सोबतच्या वहीत शेताचं नाव. आपल्याकडे कसं "माळाचं", "देवाचं", "खळ्याकडचं" असतं तसंच. चॅपल फील्ड दिसलं तर तिथे कधीतरी छोटं देऊळ असेल (देऊळ म्हणजे त्यांचं!), फेअर फील्ड म्हणजे जत्रा, आणि ब्लॅकलँड्स दिसलं तर कान टवकारा, काळपट माती म्हणजे बऱ्याचदा जुन्या वस्तीची राख आणि उकिरडा. गंमत बघा, आपल्याकडे काळी म्हणजे शेती आणि पांढरी म्हणजे वस्ती, इथे उलटं.

मग लायडार. विमानातून लेझरने जमिनीची उंची मोजतात, एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचा डेटा फुकट आहे. मिडलँड्समधे त्यात वाफ्यांसारखे लांब पट्टे दिसतील, ती मध्ययुगातली नांगरट, रिज अँड फरो म्हणतात. पट्टे जिथे अचानक थांबतात तिथे बहुतेक वस्ती किंवा वाट. पण पट्टे अजून उठून दिसताहेत असं कुरण म्हणजे तेव्हापासून फारसं न नांगरलेली जमीन, तिथे खोल खणून खालचे थर बिघडवू नका. नांगरलेलं शेत बघा आणि नांगराच्या थरातच खणा.

शेतात गेलात की मशीन लावायच्या आधी नुसतं चाला. खापरं दिसतात का, शिंपले, विटेचे तुकडे? लेस्टरशायरचं हॅलटन माहीत करून घ्या. तिथल्या हौशी मंडळींनी आधी शेतं चालून रोमन खापरं गोळा केली होती, मग २००० साली त्यांच्यातल्या एकाने तिथे डिटेक्टर फिरवला आणि नाणी लागली. पुढे विद्यापीठाच्या लोकांनी रीतसर उत्खनन केलं, ५०००हून जास्त नाणी आणि एक रोमन घोडेस्वाराचं शिरस्त्राण मिळालं. मार्केट हार्बरोच्या म्युझियममधे बघायला मिळतं. तर खापर आधी, मशीन नंतर.

आणखी एक, गावाजवळच्या शेतात बटणं, बकल्स, व्हिक्टोरियन पेन्या ढिगाने मिळतात कारण शहरातली घाण गाड्या भरून शेतात टाकायचे. आपण त्याला सोनखत म्हणतो ते उगीच नाही :D मात्र अलीकडे ग्रीन वेस्टचं कंपोस्ट टाकलेलं शेत असेल तर विसरा, कॅनचे इतके तुकडे असतात की मशीन वेड्यासारखं किंचाळतं.

परमिशन, हा सगळ्यात कंटाळवाणा भाग आणि इथेच नव्वद टक्के लोक सोडून देतात. मी पहिल्या वर्षी अकरा पत्रं टाकली, दोन उत्तरं आली, दोन्ही नकार. प्रत्यक्ष जाणं बरं, पण ऑगस्टमधे कापणी चालू असताना नको. आपला चेहरा बघून आधी वाटतं डिलिव्हरीवाला रस्ता चुकलाय, तेव्हा हसून नाव सांगा, कुठे राहता ते सांगा, विम्याचं कार्ड दाखवा (नॅशनल काउन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगची मेंबरशिप घेतली की विमा मिळतो, घ्याच), आणि अख्खं शेत न मागता एक कोपरा मागा. मला पहिली परमिशन मिळाली ती ऑफिसातल्या एकीच्या शेजाऱ्याचं घोड्यांचं कुरण. नुसते नाल आणि खिळे. त्यातही एकदा अंधार पडला म्हणून एक खड्डा तसाच ठेवून आलो आणि मालकीणबाईंनी दुसऱ्या दिवशी फोनवर जे काही सुनावलं ते रास्तच होतं, घोड्याचा पाय गेला असता. मी सकाळी सहाला जाऊन बुजवला, बाकीचेही सगळे पुन्हा दाबून आलो. पुढच्या महिन्यात त्यांनीच भावाच्या शेताचं विचारलं. साठ एकर! तिथे सप्टेंबरमधे धसकटांत पहिलं हॅमर्ड, म्हणजे हातोडीने ठोकून पाडलेलं, चांदीचं नाणं लागलं, नखाएवढं, हात थरथरत होते.

मिळेल त्याची मालकाबरोबरची वाटणी आधीच कागदावर लिहून घ्या. ३०० वर्षांहून जुनी सोन्याचांदीची वस्तू, किंवा एकाच ठिकाणी जुन्या नाण्यांचा साठा मिळाला तर ट्रेझर कायद्याने १४ दिवसांत कळवावं लागतं. आणि खूप काही एकदम दिसलं तर थांबा. सफोकच्या हॉक्सनला १९९२ साली एक गृहस्थ मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला गेले आणि रोमन खजिना लागला, त्यांनी सगळं उपसत न बसता कळवलं म्हणून लाकडी पेटीच्या खुणासुद्धा जागच्या जागी मिळाल्या. हातोडाही मिळाला, तोही ब्रिटिश म्युझियममधे आहे. बाकी साध्या वस्तूंचीही जागा जीपीएसवर टिपून जिल्ह्याच्या फाइंड्स लिएझन ऑफिसरला (सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारा अधिकारी) दाखवा. बॉसवर्थची १४८५ची लढाई नेमकी कुठे झाली तेसुद्धा असाच तोफेचा एकेक गोळा टिपत टिपत डिटेक्टरनेच सापडलं, आणि आधी समजत होते तिथून बरंच लांब.

तुमचा दुसरा प्रश्न, डिसेंबरमधे पुण्याला मशीन नेऊन किल्ल्यांवर फिरवू का. अजिबात नाही. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र असतं, त्याच्या पुढे २०० मीटर नियंत्रित, आणि जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर १८७८च्या कायद्याने कलेक्टरला कळवावं लागतं, हो तो कायदा अजून आहे. इथल्यासारखी हौशी लोकांसाठीची सोय तिकडे नाही. २०२५ मधे मध्य प्रदेशातल्या असीरगडाजवळ 'छावा' सिनेमा बघून लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन शेतं उकरत होते, त्या शेतकऱ्यांचे हाल आठवा. किल्ल्यावर हात हलवत जा, पिठलं भाकरी खा, या.

तोवर शनिवारी नकाशा उघडून बसा. तुमच्या आसपासच्या दोनतीन गावांची नावं इथे टाका, टायथ मॅपमधे काय बघायचं ते सांगतो. शेत नक्की झालं की मात्र ते इथे लिहू नका, रात्री चोरून खणणारेही हे वाचतात.