चौथे वर्ष करावे की थेट एम.एस्सी.ला जावे?

आपण लिहिले आहे की इंदूरच्या एका महाविद्यालयात आपण बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहात, मुख्य विषय रसायनशास्त्र आहे, पहिल्या दोन वर्षांची सरासरी ७६ टक्के आहे, बाबा पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत, आणि ऑनर्सचे चौथे वर्ष करावे की तीन वर्षांची पदवी घेऊन एम.एस्सी.ला जावे हे ठरत नाही. मी या शहरात २६ वर्षे रसायनशास्त्र शिकवले. माझी भाची २०२१ साली, म्हणजे मध्य प्रदेशात नवे शैक्षणिक धोरण महाविद्यालयांत लागू झाले त्याच वर्षी, पदवीला दाखल झाली, त्यामुळे तिचे चौथे वर्ष मी अगदी जवळून पाहिले आहे.

बाबांना वाटणारी "एक वर्ष वाया जाईल" ही काळजी आधी घेऊ. जुना मार्ग तीन अधिक दोन असा पाच वर्षांचा. चार वर्षांच्या ऑनर्सनंतर एम.एस्सी. एका वर्षात करण्याची तरतूद असल्यामुळे तोही पाचच वर्षांचा होतो. मात्र हा हिशेब तेव्हाच जुळतो, जेव्हा आपल्याला जिथे जायचे आहे तिथे एका वर्षाची एम.एस्सी. प्रत्यक्षात सुरू असते. आपली नजर 'जॅम' ही एम.एस्सी. प्रवेशाची अखिल भारतीय परीक्षा देऊन आयआयटीत जाण्यावर असेल, तर तिथले अभ्यासक्रम बहुतेक दोन वर्षांचे आहेत आणि त्यांना तीन वर्षांची पदवी पुरते. तशा वेळी चौथे वर्ष केले तर पाचाची सहा वर्षे होतात. मग तिसऱ्या वर्षीच 'जॅम'ची मनापासून तयारी करावी, असे मी निःसंकोच सांगेन. राज्य लोकसेवा आयोग, बँकेच्या परीक्षा किंवा बी.एड. हे ध्येय असेल तरीही तीन वर्षांची पदवी पुरेशी आहे.

चौथ्या वर्षाचे प्रकार दोन आहेत आणि निर्णय खरा इथे अडतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचा भार मोजण्याची एकके, आहेत. पहिल्या तीन वर्षांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण असणाऱ्यांना 'ऑनर्स विथ रिसर्च' घेता येते, आणि त्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प व प्रबंध असतो. नुसत्या ऑनर्समध्ये त्या १२ क्रेडिटच्या जागी तीन विषय अभ्यासावे लागतात. आपली सरासरी ७६ आहे, म्हणजे तिन्ही वर्षांचे वजन सारखे धरले तर या वर्षी किमान ७३ टक्के हवेत. प्रात्यक्षिकाच्या जर्नलकडे दुर्लक्ष करू नका. तेवढ्यानेही दोन टक्के इकडचे तिकडे होतात.

आता भाचीचे सांगते. तिचा विषय होता बोअरवेलच्या पाण्यातील लोहाचे प्रमाण. नमुन्यात फेनँथ्रोलिन हे रसायन घातले की नारिंगी-लाल रंग येतो, आणि ५१० नॅनोमीटरवर तो रंग किती प्रकाश शोषतो ते मोजून लोह काढायचे, इतकी साधी पद्धत. पण तिच्या महाविद्यालयातील स्पेक्ट्रोफोटोमीटरचा, म्हणजे हे शोषण मोजणाऱ्या उपकरणाचा, दिवा गेलेला होता आणि नवा येईपर्यंत सात आठवडे गेले. तिच्या वहीत त्या काळातल्या प्रत्येक तारखेपुढे "उपकरण बंद" एवढेच लिहिलेले आहे. मार्गदर्शक सरांकडे आणखी अकरा विद्यार्थी होते, म्हणून ते ओझरते भेटत. ती रडकुंडीला आली होती. दिवा आल्यावर एकाच द्रावणाची वाचने ०.४१२, ०.४०९ आणि मग एकदम ०.४३१ आली, तेव्हा सरांनी काही न बोलता क्युव्हेट, म्हणजे द्रावण ठेवण्याची छोटी पारदर्शक नळी, उजेडाकडे धरली आणि काचेवरचा बोटाचा ठसा दाखवला. त्या दिवसापासून ती प्रत्येक वाचन तीनदा घेऊ लागली. अशी सवय वर्गातल्या व्याख्यानाने लावणे मला २६ वर्षांत फारसे जमले नाही, हे मी मोकळेपणाने कबूल करते. चौथ्या वर्षाची किंमत याच गोष्टीत आहे, आणि ती सरांच्या वेळेवर व उपकरणाच्या अवस्थेवर अवलंबून आहे.

म्हणून माझे मत असे आहे की संशोधनाची ओढ असेल आणि मार्गदर्शक मिळत असेल, तर चौथे वर्ष अवश्य करावे. पण महाविद्यालयात केवळ तीन जादा विषयच मिळणार असतील, तर ते विषय एम.एस्सी.त अधिक चांगल्या रीतीने शिकता येतील. पीएच.डी.चा विचार असेल तर चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असल्यास थेट प्रवेशासाठी पात्रता मिळते, आणि २०२४ पासून चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षाही देता येते. मात्र त्या बळावर फेलोशिप आणि पीएच.डी. प्रवेश मिळतो, महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्याची पात्रता मिळत नाही; त्यासाठी पदव्युत्तर पदवी लागतेच. ही गोष्ट घरी बाबांनाही नीट समजावून सांगा, कारण अनेकांचा इथे गैरसमज होतो.

फॉर्म भरण्याआधी एखाद्या दुपारी विभागात जाऊन विचारा की मार्गदर्शन कोण करणार, त्यांच्याकडे किती विद्यार्थी असतील आणि आधीच्या तुकडीचे प्रबंध पाहायला मिळतील का. प्रबंध हातात आला की निष्कर्षाचे प्रकरण बाजूला ठेवून वाचनांचे तक्ते पाहा; तीन-तीन वाचने आणि त्यांतील फरक दिले असतील तर तिथे काम झाले आहे असे समजा. इंदूरमध्ये खंडवा रोडच्या विद्यापीठ परिसरातच अणुऊर्जा विभाग आणि अनुदान आयोग यांचे वैज्ञानिक संशोधन केंद्र आहे. आपल्या विषयाला तिथल्या उपकरणांचा उपयोग होईल का, आणि त्यासाठी महाविद्यालयातून पत्र मिळेल का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.