फी माफी कॉलेजला पाहून का?

प्रश्न : ताई, आमची मुलगी बारावीनंतर पुण्याकडच्या एका खाजगी विद्यापीठात इंजिनिअरिंगला आहे. वाडीतलीच दुसरी मुलगी लोणेऱ्याला शिकते, तिची फी माफ झाली. आमचं उत्पन्न त्यांच्याहून कमी, तहसीलदारांचा दाखलाही आहे. वर आमच्या विद्यापीठाला, कॉलेजं-विद्यापीठांचं मूल्यमापन करणाऱ्या नॅकचा वरचा दर्जा! मग सरकार कॉलेजं ठरवतं तरी कशी?
– एक आंबा बागायतदार, देवगड

उत्तर : दाखला बाजूला ठेवा, अडलंय ते संस्थेवर. मी कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळलेलं, त्यामुळे हा प्रश्न किती पालकांच्या तोंडून ऐकलाय ते विचारू नका.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. त्यात सरकारी, अनुदानित, अगदी कायम विनाअनुदानित कॉलेजंही आहेत. खाजगी अभिमत (डीम्ड) आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं मात्र वगळलीत. शिवाय प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, हवा. मॅनेजमेंट कोट्यातली मुलगी माफी लागू असलेल्या कॉलेजात असली तरी बाहेर. लोणेऱ्याचं बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ सरकारी, म्हणून शेजारणीचं काम झालं.

नॅकचं म्हणाल तर तो दर्जा संस्थेला स्वतःसाठी निधी मागताना कामाला येतो, तुमच्या मुलीच्या फीला नाही. विनाअनुदानित कॉलेजची फी निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालचं शुल्क नियामक प्राधिकरण हिशेब बघून ठरवतं. खाजगी विद्यापीठांचा कायदा वेगळा. माझ्या मते गोम इथेच आहे: फी आपल्या हातात नसेल तर ती भरायचं सरकार कशाला कबूल करेल? पण हे प्रवेशाच्या वेळी पालकाला कोणी सांगत नाही, रंगीत माहितीपुस्तक तेवढं हातात देतात. याचा मला अजून राग येतो.

आता तुमच्यापुरतं. केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना बघा. तिथे मोजपट्टी वेगळी आहे, संस्था एनआयआरएफ या केंद्राच्या शिक्षणसंस्था क्रमवारीवरून घेतात आणि खाजगी विद्यापीठंही त्यात बसतात. यादी दरवर्षी नवी होते. विद्यापीठ यादीत असेल तर तारणाशिवाय कर्ज मिळतं, आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, शिक्षण चालू असताना आणि नंतर हप्ते सुरू होण्याआधीच्या सवलतीच्या काळात, ३ टक्के व्याज सरकार सोसतं. ही माफी नव्हे, मुद्दल फेडायचंच आहे. हापूसच्या हंगामाचा भरवसा धरून हप्ते ठरवू नका.

धाकटं कोणी बारावीत असेल तर पैसे भरण्याआधी ऑफिसात प्राधिकरणाच्या फी आदेशाची प्रत मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर दुसरं कॉलेज बघा.