‘नुसतं सहीपुरतं’ डायरेक्टर व्हावं का?

प्रश्न: देवगडजवळ भाचा आंब्याचा पल्प काढायची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी उभी करतोय. मी निवृत्त शिक्षक. ग्रॅच्युइटीतले ५ लाख घालून ‘नुसतं सहीपुरतं’ डायरेक्टर व्हा म्हणतो. गणपतीत चाकरमानी आले की त्यांच्याकडून पैसे घ्यायचे, म्हणून कोऱ्या शेअर सर्टिफिकेटांवर आधीच सह्या आणि सहीचा रबरी शिक्का मागतोय. देऊ का?

गुरुजी, शिक्का मुळीच देऊ नका. ५ लाख बुडाले तर तेवढेच बुडतील, सहीला मात्र अशी मर्यादा नाही.

कंपनी कायदा २०१३, कलम ४६ प्रमाणे दोन डायरेक्टरांनी (कंपनी सेक्रेटरी असेल तर एक डायरेक्टर आणि सेक्रेटरीने) सही केलेलं सर्टिफिकेट हा मालकीचा प्रथमदर्शनी पुरावा असतो. यंत्राने छापलेली सही चालते, रबरी शिक्का नियमातच वर्ज्य आहे. छापायला परवानगी दिलीत तर तिची आणि त्या यंत्राच्या सुरक्षिततेची जबाबदारी वैयक्तिक तुमची.

खरी भानगड होते ती पैसे घेताना. याच कायद्याच्या कलम ४२ खाली (निवडक लोकांना खासगीत शेअर देणं) नावानिशी ऑफर लेटर लागतं, तेही वर्षात २०० जणांपर्यंतच. रोख चालत नाही. चेक किंवा बँकेतूनच, वेगळ्या खात्यात. ६० दिवसांत शेअर द्यायचे, नाही जमलं तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत, तेही चुकलं तर ६० दिवस संपल्यापासून वार्षिक १२ टक्के व्याज. वाटप होऊन पीएएस-३ (शेअर वाटपाची माहिती सरकारला देण्याचा फॉर्म) भरेपर्यंत त्या पैशाला हात लावता येत नाही. इथे काय होणार ते उघड आहे: आरतीनंतर रोख गोळा होणार आणि दिवाळीआधी डब्यांच्या ऑर्डरीत जाणार. असे ४० लाख जमले तर पैसे व्याजासह परत करणं आलंच, वर कंपनी, प्रवर्तक आणि डायरेक्टरांना ४० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो (जमवलेली रक्कम किंवा २ कोटी, कमी असेल ते).

पैसे घेताना दिलेल्या कागदावर ‘दरसाल अमुक टक्के’ असं लिहिलं असेल तर ती ठेव ठरू शकते, आणि प्रायव्हेट कंपनीला लोकांकडून ठेवी घेता येत नाहीत. पैसे थकले की महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा लागू शकतो: फसवून थकवल्याचं ठरलं तर ६ वर्षांपर्यंत कैद, आणि डायरेक्टरच्या मालमत्तेवरही जप्ती येऊ शकते. म्हणजे तुमची बाग असेल तर तीसुद्धा.

माझं मत: घालायचेच तर २ लाख घाला, नुसते भागधारक म्हणून. कंपनीला दोन डायरेक्टर लागतातच. दुसरा रोज धंदा बघणारा असू द्या. तरीही नातं मोडवत नसेल तर प्रत्येक सहीआधी बोर्डाचा ठराव, बँक स्टेटमेंटमधली जमा आणि भागधारकांच्या नोंदवहीतलं नाव, तिन्ही समोर ठेवून बघा. कंपनी ‘स्मॉल कंपनी’त (भांडवल आणि उलाढाल कायद्याच्या मर्यादेत असलेली छोटी कंपनी) बसत नसेल तर कागदी सर्टिफिकेट देताच येत नाही, डिमॅट लागतं. पुढे राजीनामा दिलात तर डीआयआर-११ (डायरेक्टरने आपला राजीनामा सरकारला कळवण्याचा फॉर्म) स्वतः भरा. मात्र आधीच्या काळातली जबाबदारी त्याने सुटत नाही.

काही कोऱ्या पानांवर सही झाली असेल तर ती आजच परत घ्या, आडवं ‘रद्द’ लिहा आणि छापील क्रमांकांची यादी कंपनीला लेखी देऊन पोच घ्या.