चावी हरवली असेल तर नुसती क्लोन नको, प्रोग्रॅमिंगच करून घ्या

तुमचा प्रश्न असा की दोन चाव्यांपैकी एक हरवली, उरलेलीवरून डुप्लिकेट कापून घेतली, ती दाराला लागते, इग्निशनमध्येही फिरते, पण गाडी स्टार्ट होऊन दोन सेकंदात बंद पडते. आता एक चावीवाला म्हणतो क्लोन करून देतो, दुसरा म्हणतो गाडी घेऊन या, प्रोग्रॅमिंग करावं लागेल. माझ्या मते दुसऱ्याचं ऐका, आणि उरलेली चावी हातात आहे तोवर लवकर करून घ्या.

गाडीत काही बिघाड नाहीये, आधी ती काळजी सोडा. चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक बारीकशी चिप असते, काही मिलिमीटरची काचेची नळी किंवा काळा चपटा तुकडा, तिला सेल लागत नाही. इग्निशन लॉकच्या तोंडाभोवती तारेच्या वेटोळ्याची रिंग बसवलेली असते, चावी ऑन केली की ती रिंग साधारण 125 किलोहर्ट्झचं क्षेत्र तयार करते, चिप त्यातूनच वीज घेते आणि उत्तर देते. जुन्या चिप फक्त एक ठरलेला नंबर सांगायच्या, नंतरच्यांना गाडी दरवेळी वेगळा आकडा पाठवते आणि चिपने आपल्याजवळच्या गुप्त कीने (म्हणजे साठवलेल्या गुप्त आकड्याने) गणित करून उत्तर द्यायचं, ते जुळलं तरच इंजिन चालू राहतं. नाही जुळलं तर काही गाड्यांत स्टार्टरच फिरत नाही, काहींत इंजिन पेट घेतं आणि मग इंधन तोडलं जातं. तुमची दुसऱ्या प्रकारातली, आणि नुसत्या कापलेल्या डुप्लिकेटमध्ये गाडी ओळखेल अशी चिप नाहीये. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलुपाचं लाइट भराभर ब्लिंक होत असेल तर शंकाच नको. आणि रिमोटचा सेल बदलून यात काही होणार नाही, लॉक-अनलॉकचं रिमोट वेगळं सर्किट आहे, 433 किंवा 315 मेगाहर्ट्झवर चालणारं.

आता क्लोन म्हणजे काय तर जुन्या चावीच्या चिपमधली माहिती वाचून दुसऱ्या चिपवर उतरवायची. गाडीला हात लावावा लागत नाही म्हणून काम झटपट होतं, आणि गाडीला वाटतं तीच जुनी चावी आली. हे शक्य होतं कारण बऱ्याच चिपचं एन्क्रिप्शन कमकुवत निघालं, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची 40 बिटवाली चिप 2005 मध्येच जॉन्स हॉपकिन्स आणि आरएसए लॅबच्या लोकांनी फोडून दाखवली होती, हिटॅग-2 या दुसऱ्या एका चिपची गत 2012 मध्ये तशीच झाली. दोन्ही चाव्या घरात आहेत आणि तिसरी एक्स्ट्रा हवी, अशा वेळी क्लोनला माझी काहीच हरकत नसते. पण तुमची चावी हरवलीये. क्लोन केल्यावर गाडीच्या मेमरीत हरवलेली चावी जशीच्या तशी जिवंत राहते, ज्याला सापडली त्याने येऊन बसावं आणि गाडी चालू करून न्यावी. मला हेच पटत नाही की चावीवाले हा फरक गिऱ्हाइकाला सांगतच नाहीत.

प्रोग्रॅमिंगमध्ये गाडीच्या ओबीडी पोर्टला (गाडी तपासायचं टूल जोडायच्या सॉकेटला) टूल लावून नवीन चिप गाडीच्या यादीत चढवतात. बऱ्याच सिस्टीममध्ये जुनी यादी पुसून समोर असलेल्या सगळ्या चाव्या नव्याने शिकवाव्या लागतात, जी समोर नाही ती बाद. तुम्हाला नेमकं हेच पाहिजे. म्हणून जाताना घरातल्या सगळ्या चाव्या बरोबर न्या, एखादी ड्रॉवरमध्ये राहिली तर तीपण बाद होईल. काही गाड्यांत नवीन चावी नुसती यादीत भर म्हणून टाकता येते आणि घाईत तेवढंच करून देतात, त्यामुळे काम संपलं की टूलच्या स्क्रीनवर विचारून बघा, किती चाव्या रजिस्टर दिसतायत. हातात दोन आणि स्क्रीनवर तीन असतील तर हरवलेली अजून आत आहे. आणि हेही लक्षात ठेवा की रिमोटची यादी अनेकदा इमोबिलायझरच्या (चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेच्या) यादीपेक्षा वेगळी असते, चिप काढली म्हणून हरवलेल्या चावीचं बटण दाबून दार उघडायचं थांबलं असं नाही. दोन्ही पुसायला सांगा. चावीच्या धातूच्या पात्याने दार तर तरीही उघडणारच, चावी पत्ता लिहिलेल्या पाकिटासकट किंवा घराजवळच हरवली असेल तर लॉकच्या आतल्या पातळ धातूच्या पट्ट्या बदलून घ्यायचा विचार करा, म्हणजे जुनं पातं लागणार नाही.

ऑनलाइन दुसऱ्याची वापरलेली चावी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. फोक्सवॅगन ग्रुपच्या मेगामॉस चिप, ज्यांना चावीवाले आयडी-48 म्हणतात, त्या एकदा गाडीला शिकवल्या की लॉक होतात आणि दुसऱ्या गाडीत लागत नाहीत, शिवाय ब्रँडप्रमाणे आधीच कोड केलेली कोरी चिप लागते. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन चाव्यांत आत वेगळी चिप असू शकते, त्यामुळे आधी उरलेली चावी रीडरवर धरून चिपचा प्रकार बघायला सांगा, आयडी-46, आयडी-48, 4डी असं काहीतरी येईल, मगच कोरी चावी घ्या. काही ब्रँडला सिक्युरिटी पिन लागतो, ह्युंदाई-कियाला 6 आकडी, जुन्या फोक्सवॅगनला 4 आकडी, जुन्या फियाटला कोड कार्डवरचा 5 आकडी. गाडी नवीन घेतानाच्या कागदांत हे कार्ड किंवा चावीच्या नंबरचा धातूचा टॅग असेल तर आजच शोधा. टॅग मिळाला तर पातंही त्या नंबरवरून कापून घ्या, घासलेल्या चावीवरून कापलं की घासलेपणाही कॉपी होतो आणि पुढे लॉक अडकायला लागू शकतं.

व्हिडिओ बघून घरच्या घरी करता येईल का, तर तुमच्या बाबतीत बहुतेक नाही. काही जुन्या फोर्डमध्ये पहिली चालू चावी ऑन-ऑफ, लगेच दुसरी चालू चावी ऑन-ऑफ, मग नवीन, असं टूलशिवाय होतं, पण त्याला दोन चालू चाव्या लागतात. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत 10-10 मिनिटं तीनदा थांबून होतं आणि त्यात जुन्या चाव्या पुसल्या जातात. मॅन्युअलमध्ये तुमच्या मॉडेलसाठी दिलं असेल तरच करा.

प्रोग्रॅमिंग चालू असताना बॅटरीला चार्जर लावून ठेवायला सांगा, मधेच व्होल्टेज पडलं तर कंट्रोल युनिट अडकून बसतं. झाल्यावर प्रत्येक चावीने गाडी चालू करा आणि किमान अर्धा मिनिट चालू ठेवा, दुसरी चावी त्याच जुडग्यात ठेवू नका, दोन चिप रिंगजवळ आल्या की एकमेकींना अडवतात आणि उगाच वाटतं काम बिघडलं. चावीचं कव्हर बदलणार असाल तर जुनं फेकू नका, चिप बऱ्याचदा रिमोटच्या सर्किटवर नसून कव्हरच्या खोबणीत बसवलेली असते, लोक सर्किट काढून नव्या कव्हरात टाकतात आणि चिप कचऱ्यात जाते.

कोणी "इमो (म्हणजे इमोबिलायझर) ऑफ करून देतो, साधी चावी चालेल" म्हणालं तर सरळ नाही म्हणा. युरोपात ऑक्टोबर 1998 पासून नवीन गाड्यांत इमोबिलायझर सक्तीचा झाला तो उगाच नाही, आणि अमेरिकेत 2011 ते 2021 मधल्या ज्या ह्युंदाई-किया गाड्यांत तो नव्हता त्यांच्याच चोऱ्यांची मोठी लाट आली. तसंच जो चावीवाला गाडीचे कागद आणि ओळखपत्र मागतो त्याच्यावर चिडू नका, उलट न मागणाऱ्यापासून लांब राहा.

आणि टाळाटाळ का नको म्हणतो तर ही एक चावीपण गेली की वाचायला काहीच उरत नाही. मग काही गाड्यांत डिलरकडून कोड मागवावा लागतो, काहींत गाडीचं कंट्रोल युनिट काढून त्यावरची मेमरी चिप वाचावी लागते, तोपर्यंत गाडी जागेवरून हलत नाही.

चिप कुठली निघाली ते आणि गाडीचं मॉडेल-वर्ष कळवा, मग पिन लागेल की नाही आणि जुनी चावी पुसायला टूलमध्ये काय निवडायला सांगायचं ते बघून सांगतो.