‘मी खरंच ट्रान्स आहे का, आणि आईला कधी सांगू?’

तू दोन प्रश्न एकात गुंतवलेस. एक, ‘मुलगी म्हणून वाढलो, पण मी खरंच मुलगा, म्हणजे ट्रान्स, आहे की नुसता डोक्यातला घोळ’. दुसरा, ‘दिवाळीला सांगलीला गेल्यावर आईला सांगून टाकू का, कारण स्थळं यायला लागलीत’. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आईकडे नाही, आणि तू नेमकं तेच तिच्याकडे मागायला निघालायस. ती ‘असू दे’ म्हणाली तर मी खरा आणि रडली तर मी खोटा, असा हिशेब मनात ठेवून घरी गेलास तर पहिल्या संध्याकाळीच मोडून पडशील.

खात्रीचं म्हणशील तर टीव्हीवरच्या मुलाखतीत सगळे सांगतात की तिसऱ्या वर्षीच कळलं होतं. असेल बाबा. मी दहावीपर्यंत गौरी-गणपतीत काठपदराची साडी नेसून मिरवलोय, फोटोपण आहेत. त्रास सुरू झाला तो ओढणी सक्तीची झाली तेव्हापासून. त्यामुळे ‘लहानपणी मी बाहुल्यांशी खेळायचो, मग मी ट्रान्स कसा’ हा तुझा पुरावा माझ्या लेखी बाद.

तुझ्या मजकुरात मला दुसरंच काहीतरी दिसलं. सुरुवातीला ‘मी घाबरले’, शेवटाकडे ‘मी थकलोय’. आपल्या भाषेत क्रियापद तोंडातून निघालं की माणूस उघडा पडतो. कितीतरी वर्षं मी ‘जेवलीस का?’ला ‘झालं जेवण’, ‘येणार आहेस का?’ला ‘यायचंय ना’ अशी उत्तरं देत होतो. जेवलो नाही की जेवले नाही. घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. पुण्यात हॉस्टेलवर आहेस तोवर एका विश्वासातल्या मित्रासमोर सरळ ‘आलो, गेलो’ बोलून बघ. तुला आवडलेल्या नावाने त्याला हाक मारायला सांग. काही आठवड्यांनी हलकं वाटतंय की अवघडल्यासारखं, हे तुझं तुलाच कळेल. नाही पटलं तर सोडून दे, काही बिघडत नाही. स्वतःला स्वीकारणं म्हणतात ते माझ्या बाबतीत तरी असंच, हळूहळू सवयीने झालं. एक दिवस आरशात बघून साक्षात्कार वगैरे झाला नाही.

आणि हो, छाती सपाट दिसावी म्हणून गुंडाळतोस ते क्रेप बँडेज आजच टाकून दे. गुंडाळलं की ते आवळत जातं, श्वास भरून घेता येत नाही, बरगड्यांना इजा होते. मापाचा बाइंडर, म्हणजे छाती सपाट करणारा आतला कपडा, किंवा घट्ट स्पोर्ट्स ब्रा वापर. बाइंडरही आठ तासांच्या वर नको आणि झोपताना तर अजिबात नको.

आता आईचं. ‘ट्रान्सजेंडर’ म्हटल्यावर तिच्या डोळ्यासमोर सिग्नलवर टाळी वाजवणारी माणसं येणार, नाहीतर यल्लम्माचे जोगते. मुलगी म्हणून वाढवलेलं पोर मुलगा असू शकतं, हे तिने ऐकलेलंच नसेल. बीड पोलिसातल्या ललित साळवेंची बातमी मात्र बऱ्याच आयांना आठवते. लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा आधी खात्याने नाकारली, मग सरकारने परवानगी दिली, 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि पोलिसातली नोकरीही राहिली. त्यांची वैद्यकीय बाजू तुझ्यापेक्षा वेगळी आहे, तेवढं लक्षात ठेव. पण बोलणं सुरू करायला खाकीतला माणूस बरा पडतो.

माझी आई बराच वेळ गप्प बसली आणि मग पहिला प्रश्न विचारला, ‘रेशनकार्डावर काय लिहायचं?’ मी रडारडीची तयारी करून गेलो होतो, कागदपत्रांची नाही. तू करून जा. 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आपली लिंग-ओळख ठरवण्याचा हक्क आपला आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही. 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र देण्याची तरतूद केली. नियम बदलत असतात, त्यामुळे अर्जाच्या वेळी ताजे वाचून घे. नाव बदलायचं तर राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये.

देवऋषी किंवा ‘यातून बाहेर काढणारा’ डॉक्टर, यातलं एक तरी सुचवलं जाणारच. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच ट्रान्स असणं मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढलंय. आणि असं ‘बदलून देणं’ हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलंय. वडिलांना हे ऐकवून फरक पडेल असं नाही. पण दवाखान्यात बसवलंच तर तिथे तुला बोलता येईल.

दिवाळीत सांगू नकोस, हे माझं स्पष्ट मत. घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, आईला धड रडायलाही कोपरा मिळत नाही आणि भाऊबीजेच्या ओवाळणीत तुझं काय होईल हे तुलाच माहीत. स्थळांना सध्या ‘शिक्षण पूर्ण होऊ दे, नोकरी लागू दे’ एवढं पुरतं. ते खोटंही नाही. सांगशील तेव्हा हातात स्वतःचा पगार, आधार-मार्कशीटच्या मूळ प्रती आणि रात्री-अपरात्री जाता येईल असं एक घर असू दे. आत्याचं नाव घेतलंयस, तिला आधी सांगून बघ. घरात एक जण आपल्या बाजूने बोलणारा असला की बापाचा आवाज जरा खाली येतो.

जिममधल्या ओळखीने टेस्टोस्टेरॉन मिळतं म्हणतोस, ते घेऊ नकोस. एकदा फुटलेला आवाज औषध बंद केलं तरी परत बारीक होत नाही, रक्त घट्ट होऊ शकतं, मधूनमधून तपासण्या लागतात. आधी मनोविकारतज्ज्ञ, मग हार्मोन्सचे डॉक्टर, याच क्रमाने जा. रात्री फार वाईट वाटलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

हॉस्टेल कधीपर्यंत आहे आणि आत्या कुठे राहते, ते कळव. त्यावर बरंच अवलंबून आहे.