‘मांसपेशी’ म्हणजे स्नायू की पेशी?

प्रश्न असा आला आहे: ‘व्यायामाने मांसपेशी वाढतात’ अशी वाक्यं हल्ली सर्रास दिसतात. यातल्या मांसपेशी म्हणजे स्नायू, की स्नायूंमधल्या पेशी? आणि पहिला अर्थ घ्यायचा, तर शाळेत शिकलेल्या ‘पेशी’चं काय?

त्या वाक्यात मांसपेशी म्हणजे स्नायूच. हा वापर हिंदीच्या वळणाचा आहे. हिंदीत पेशी किंवा मांसपेशी म्हणजे स्नायू, आणि आपण जिला पेशी म्हणतो ती कोशिका. (न्यायालयातली ‘पेशी’ फारसीतून आलेली, तिचा इथे काही संबंध नाही.) मराठीत पेशी हा शब्द सजीवांच्या सूक्ष्म घटकासाठी रूढ झाला असल्यामुळे मराठी वाचक ‘मांसपेशी’चा विग्रह ‘मांसातल्या पेशी’ असाच करणार.

मूळ अर्थाशी मात्र हिंदीच जास्त प्रामाणिक राहिली आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात माणसाच्या शरीरात 500 पेशी आणि 900 स्नायू सांगितले आहेत. तिथल्या पेशी म्हणजे मांसाचे वेगवेगळे भाग, आणि स्नायू म्हणजे सांधे आवळून धरणारी चिवट बंधनं. नावेच्या फळ्या जशा दोरांनी बांधतात तसं शरीर स्नायूंनी बांधलेलं आहे, असा दृष्टांतही तिथे आहे. मराठीने स्नायू हा शब्द बंधनावरून मांसावर नेला आणि पेशी मांसावरून सूक्ष्म घटकावर. बंगालीत तर स्नायू म्हणजे आपले मज्जातंतू! आज मज्जापेशीला म्हणतात त्या ग्रीकमधल्या ‘न्यूरॉन’चाही जुना अर्थ शरीरातली दोरी, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी कंडरा, असाच होता. तेव्हा ‘मूळ संस्कृतात असं आहे’ हा मुद्दा इथे फारसा कामाचा नाही. मराठीत काय रुजलं आणि वाचकाला काय कळतं, हे बघायला हवं.

‘मांसपेशी वाढतात’ याला माझा आक्षेप आहे तो इथेच. ‘पांढऱ्या पेशी वाढल्या’ म्हटलं की आपण त्यांची संख्या वाढली असं समजतो. त्याच सवयीने हे वाक्य वाचलं, तर व्यायामाने स्नायूंतल्या पेशींची संख्या वाढते असा समज होईल. मोठ्या माणसाच्या शरीरात प्रामुख्याने होतं ते वेगळंच. असलेल्या पेशींमध्ये आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनांची भर पडते आणि त्या जाड होतात. म्हणजे स्नायू वाढतो, पण पेशींची संख्या जवळपास तेवढीच राहते. शब्द चुकला की इथे विज्ञानही चुकतं.

हाडांना जोडलेल्या स्नायूंमधली पेशी एरवीही चमत्कारिकच. गर्भात अनेक लहान पेशी एकमेकींत मिसळून तिचा एक लांब तंतू बनतो, म्हणून त्या एका पेशीत पुष्कळ केंद्रकं असतात आणि तिची लांबी कित्येक सेंटिमीटर असू शकते. ‘स्नायुतंतू’ म्हणतात तो हाच, म्हणजे तंतू हीच पेशी. असे तंतू मिळून स्नायू ऊती (ऊती म्हणजे एकच काम करणाऱ्या पेशींचा समूह) होते. तिच्या जोडीला संयोजी ऊती, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू आले की दंडावर दिसणारा स्नायू तयार होतो. तो एक आख्खा अवयव आहे. त्याला ‘पेशी’ म्हणणं म्हणजे मधल्या सगळ्या पायऱ्या गाळणं.

हृदयाबद्दल लिहिताना हा फरक फार उपयोगी पडतो. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तपुरवठा तुटल्याने मरतात त्या पेशी. त्या पुन्हा तयार होण्याचं प्रमाण अत्यल्प, म्हणून तिथे व्रण राहतो आणि दुबळा होतो तो हृदयाचा स्नायू. दोन्हीकडे ‘मांसपेशी’ लिहिलं तर यातलं काहीच कळणार नाही.

मग मांसाशी नातं असलेला ‘पेशी’ हा शब्द वनस्पतींना कसा चालतो? खुशाल चालतो, कारण मराठीत ते नातं आता कुणाच्या मनातही येत नाही. 1665 मध्ये रॉबर्ट हूकने बुचाच्या पातळ कापात पाहिल्या त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती, आणि नाव दिलं ते लहानशा खोलीचं, ‘सेल’. हिंदीतली कोशिका त्या कल्पनेच्या जवळची. पण प्राण्यांच्या पेशींना तशी भिंत नसतेच, त्यामुळे तो शब्दही सगळीकडे नेमका बसतो असं नाही. लाजाळूचं पान मिटतं तेव्हा देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर भागातल्या काही पेशी पाणी सोडून सैल पडतात. या वाक्यात पेशीचा हिंदी अर्थ घेतला तर लाजाळूला स्नायू फुटतील!

तेव्हा ‘व्यायामाने स्नायू वाढतात’ असं सरळ लिहावं. ‘स्नायू’ एकटा असताना दीर्घ, पण समासात आधी आला की ऱ्हस्व: स्नायुतंतू, स्नायुपेशी. ‘पेशी’ मात्र मुळातच दीर्घान्त, म्हणून पेशीभित्तिका, पेशीविभाजन यांत ती दीर्घच राहते.