लाल पडदा आणि लिंग गुणोत्तर

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी शासनमान्य ‘ब’ वर्ग ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. अभ्यासिकेत एमपीएससीची मुलं बसतात, त्यांच्यासाठी चार कॉम्प्युटर आणि मोफत वायफाय आहे. गेल्या वर्षी कुणीतरी नको ते बघताना सापडलं, म्हणून कार्यकारिणीने कॉम्प्युटरवर फिल्टर बसवून घेतला. परवा एका मुलीने इंग्रजीत ‘सेक्स रेशो’ (लिंग गुणोत्तर) शोधलं, तर स्क्रीनभर लाल पडदा आणि ‘आक्षेपार्ह’! सगळ्यांदेखत बिचारी ओशाळली. तेच तिच्या मोबाइलवर, आमच्याच वायफायवर, बिनबोभाट उघडलं. फिल्टर काढायला अध्यक्ष तयार नाहीत. काय करावं?
— एक ग्रंथपाल, जि. सांगली

उत्तर : ताई, अर्धं उत्तर त्या मोबाइलनेच दिलंय. हल्ली बहुतेक साइटवरची देवाणघेवाण कुलूपबंद, म्हणजे मधल्या कुणाला वाचता न येणारी असते. मधल्या राउटरला कुठली साइट ते कळतं, आत काय शोधलं ते कळत नाही. म्हणजे तुमचा फिल्टर राउटरवर नाही, त्या चार कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये बसून इंग्रजी अक्षरं जुळवतोय. देवनागरीत काहीही टाइप करून बघा, बहुधा ढिम्म हलणार नाही.

हा गाढवपणा मीही केलाय. एका शाळेच्या लॅबमध्ये मोठ्या हौसेने शब्दांची यादी भरली. दुसऱ्याच दिवशी खेळाचे सर तणतणत आले. ससेक्स, एसेक्स, मिडलसेक्स, इंग्लंडातले तिन्ही काउंटी क्रिकेट संघ एका झटक्यात अश्लील! ‘ॲडल्ट’ या शब्दापायी प्रौढ शिक्षणाचं पानही गेलं. १९९६मध्ये इंग्लंडातल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना गावाच्या नावात चार वाईट अक्षरं सापडल्यामुळे एओएल या इंटरनेट कंपनीचं खातंच उघडता येईना. रोग जुना आहे.

तेव्हा अध्यक्षांशी ‘फिल्टर हवा की नको’ हा वाद घालूच नका. फिल्टरमधली शब्दांची यादी काढून टाका आणि राउटरच्या डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) रकान्यात १.१.१.३ भरा, दुसऱ्या रकान्यात १.०.०.३. ही क्लाउडफ्लेअरची फुकट सेवा. अश्लील म्हणून नोंदलेल्या साइटचा पत्ताच ती देत नाही. शब्द वाचत नाही. कॉम्प्युटर आणि मोबाइल दोन्हींना लागू. पोरं त्यातूनही वाट काढतील, ते सोडा. स्क्रीन तुमच्या टेबलावरून दिसतील असे फिरवलेत तर निम्मं काम तिथेच होतं.

खरी मेख पुढे आहे. चुकून अडलेली साइट उघडून द्यायचा अधिकार टेबलावरच्या माणसाकडे, म्हणजे तुमच्याकडे, हवा. कार्यकारिणीच्या पुढच्या सभेपर्यंत थांबायचं तर परीक्षा होऊन जाईल. अमेरिकेतही सरकारी मदत घेणाऱ्या ग्रंथालयांना फिल्टर सक्तीचा आहे. २००३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला, पण प्रौढ वाचकाने मागितलं की ग्रंथपाल अडलेलं उघडून देऊ शकतो, हे धरूनच. उघडून दिलेल्या साइटचं नाव वहीत लिहा. मागणाऱ्याचं लिहू नका.

आणि काही गोष्टी कुणी मागायलाच येणार नाही. गर्भपाताचं पान अडलं म्हणून कोणती मुलगी टेबलापाशी येऊन सांगेल? म्हणून शनिवारी ग्रंथालय बंद झाल्यावर स्वतःच बसा आणि स्तनपान, गर्भपात, मासिक पाळी, गुप्तरोग हे मराठीत आणि इंग्रजीत शोधून बघा. अडलं ते तिथल्या तिथे मोकळं करा.

त्या मुलीला सांगा, २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राचा आकडा दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया, शून्य ते सहा वयोगटाचा दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली. दोन्ही पाठ हवेत.